पेट क्वालिटी

आमच्या घरी नारळ आणायला मला पाठवत नाहीत. ही बंदी आजची नाही, लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासूनची आहे. त्या वर्षी सत्यनारायणाला मी पाच नारळ आणले. एकेक कानाशी धरून हलवला, पाणी वाजतंय याची खात्री केली, शेंडी ओढून पाहिली, नारळवाल्याशी तज्ज्ञासारखी हुज्जत घातली आणि वर पाच रुपये कमीही करून घेतले. त्यातले तीन नासके निघाले, चौथा पिशवीतच तडकून हिच्या नव्या साडीवर सांडला, आणि पाचवा बघून गुरुजी म्हणाले, "हा नुसता पूजेला ठेवू, फोडायला नको." तेव्हापासून मी कलिंगडावर टिचकी मारून "लालभडक आहे" असं म्हणालो की घरातलं कुणीतरी उठून मीठ-मिरची काढून ठेवतं.

अशा माणसाला कुत्र्याचं पिल्लू निवडायला पाठवलं, यात दोष कुणाचा ते तुम्हीच ठरवा.

लेकीनं आठवीत जाताना कुत्रा मागितला. हिची अट एवढीच होती, की जे काय आणाल ते चावरं नको. आणि माझा भाचा, जो या क्षेत्रातला आमच्या घराण्यातला एकमेव जाणकार आहे, कारण त्याचा लॅब्रॅडॉर तीन डॉग शोमध्ये उतरलाय आणि एकदा चक्क दुसरा आलाय (त्या गटात कुत्रे दोनच होते, हे तो आपणहून सांगत नाही), तो मला म्हणाला, "मामा, दुकानातून घेऊ नकोस. फोटोवरून तर अजिबात नको. शोसाठी कुत्री वाढवणारी माणसं असतात, त्यांच्याकडे जा. पिल्लाची आई स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

"पण आपल्याला कुठे शोमध्ये न्यायचंय?"

"म्हणूनच. त्यांच्या वेतात आठ पिल्लं झाली तर शोच्या लायकीची एक-दोनच निघतात. बाकीची पेट क्वालिटी. ती आपल्यासारख्यांना."

मोठमोठ्या दुकानांच्या सेलमधले शर्ट मी असेच घेत आलोय, बटणाला एक दोरा कमी म्हणून निम्म्या किमतीत. मला पटलं.

तळेगावच्या पुढे एक बाई चाळीस वर्षं लॅब्रॅडॉर पाळतात. कुत्र्यांच्या जगात त्यांना सगळे ताई म्हणतात. मी फोन करून "एक पिल्लू पाहिजे होतं" म्हणालो आणि उलटतपासणीच सुरू झाली. कितवा मजला? लिफ्ट आहे का? फरशी गुळगुळीत आहे का? (वाढत्या पिल्लाचे पाय घसरले की खुब्यांवर ताण येतो.) दिवसभर घरी कोण? सोसायटीची हरकत नाही ना? आधी कुत्रा होता का, होता तर किती वर्षं जगला, आणि कशानं गेला? यातले निम्मे प्रश्न माझ्या सासऱ्यांनी विचारले असते तर मी आज अविवाहित असतो. शेवटी ताई म्हणाल्या, "एकोणपन्नासाव्या दिवशी या." मी तिथीही विचारणार होतो, पण फोन ठेवला गेला.

मधल्या दिवसांत मी अभ्यास केला. रिकाम्या हातानं जाऊन कुणी आपल्याला फसवू नये, हा त्यामागचा मध्यमवर्गीय हेतू. नाव लॅब्रॅडॉर असलं तरी जात मूळची शेजारच्या न्यूफाउंडलंडची, तिथल्या कोळ्यांबरोबर थंडगार पाण्यात उड्या घेणारी. विलायतेच्या केनेल क्लबानं १९०३ साली तिला मान्यता दिली. नराची खांद्यापाशी उंची ५६ ते ५७ सेंटिमीटर, मादीची ५५ ते ५६. म्हणजे सूट फक्त एका सेंटिमीटरची. आमच्या बिल्डरनं बेडरूमच्या भिंतीत याच्या सहापट सूट घेतलीय आणि तरी त्याला ताबापत्र मिळालं. शेपूट हवी पाणमांजरासारखी, बुडाशी जाड आणि टोकाला निमुळती. कोट हवा दुहेरी. वरचे दात खालच्या दातांच्या बरोब्बर पुढून कात्रीसारखे मिटायला हवेत.

मग परिभाषा. टॉपलाइन म्हणजे पाठीची रेघ, ती लॅब्रॅडॉरची सपाट पाहिजे. अँग्युलेशन म्हणजे खांद्याची आणि मागच्या पायांची हाडं एकमेकांशी जो कोन करतात तो. पुढचे पंजे बाहेरच्या बाजूला फाकले असतील तर त्याला म्हणतात ईस्ट-वेस्ट, एक पंजा पूर्वेला निघालेला, दुसरा पश्चिमेला. मागचे घोटे गाईसारखे आत वळले तर काऊ हॉक. सरावासाठी घरात कुत्रा नव्हता. म्हणून मी एका रविवारी न्हाणीघरातल्या आरशासमोर बाजूनं उभा राहिलो आणि प्रामाणिकपणे नोंद घेतली: टॉपलाइन मध्येच खचलेली, खालची रेघ लोंबती, पुढून ईस्ट-वेस्ट, मागून काऊ हॉक. दात बघायला तोंड वासून आरशाजवळ गेलो तेवढ्यात ही टॉवेल घ्यायला आली. क्षणभर बघत उभी राहिली.

"डॉक्टरांना दाखवून या," ती म्हणाली.

एकोणपन्नासाव्या दिवशी फाटकाशी एक पसरट ट्रे होता, त्यात औषधाचं पाणी. पार्व्हो नावाचा आजार लहान पिल्लांचा जीव घेतो आणि तो माणसांच्या पायांबरोबर घरात येतो, म्हणून हा बंदोबस्त. मी संस्कारी माणूस, बूट बाहेर काढून नीट जोडीनं ठेवले आणि मोज्यांसकट ट्रेमध्ये उतरलो. बूट बुडवायचे होते.

आत वाफाळत्या मोज्यांनी, म्हणजे वास येत होता त्या अर्थानं, मी उभा राहिलो आणि आठ पिल्लं माझ्या दिशेनं सुटली. प्रत्येकाच्या गळ्यात वेगवेगळ्या रंगाची लोकर. त्यांना नावं नव्हती. ताई त्यांना रंगावरून हाक मारायच्या, आणि कुत्रा-कुत्री असंही म्हणायच्या नाहीत: "लाल मुलगी फार शहाणी आहे", "हिरव्या मुलानं रात्री पाण्याचं भांडं उलथलं." नाव ठेवलं की जीव अडकतो, आणि जीव अडकला की दोष दिसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी हिरव्या मुलाकडे पाहिलं. तो माझ्या मोज्याचं बोट तोंडात धरून मागे मागे चालला होता, आणि मोजा त्याच्याबरोबर.

"तुम्हाला आज पिल्लू दाखवायला नाही बोलावलं," ताई म्हणाल्या. "आज यांची परीक्षा. परीक्षा घ्यायला पिल्लांच्या ओळखीचा नसलेला माणूस लागतो. कुत्र्यांतलं काही न कळणारा मिळाला तर आणखी बरं. तुमच्या भाच्याला विचारलं, तो म्हणाला, मामा अगदी योग्य आहे."

ही परीक्षा अमेरिकेतल्या वोलहार्ड नवरा-बायकोनं बसवलेली आहे, आणि ती सातव्या आठवड्याच्या शेवटी घेतात. एकेक पिल्लू रिकाम्या खोलीत आणायचं. परीक्षकानं गुडघ्यावर बसून त्याला बोलवायचं, मग उठून चालायचं आणि ते मागे येतं का बघायचं. मग त्याला उताणं करून अर्धा मिनिट हलक्या हातानं धरायचं. मग पोटाखाली तळवे घालून अर्धा मिनिट अधांतरी उचलायचं. कागदाचा बोळा फेकायचा, पातेल्यावर चमचा आपटायचा, दोरीला बांधलेला टॉवेल समोरून ओढायचा आणि शेवटी छत्री उघडायची. प्रत्येकाला गुण एक ते सहा. एक म्हणजे तुमच्याशी मारामारी करणारा, सहा म्हणजे तुम्ही आहात की नाही याचं सोयरसुतक नसणारा. साध्या घराला तीन-चारवाला चांगला. पाच म्हणजे दबकून मागे सरणारा.

आता तुम्ही म्हणाल, यात अवघड काय? मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या मुलीला बोलवायला गुडघ्यावर बसलो तो गुडघा परत उठेना, त्यामुळे 'चालत जायची' परीक्षा मी रांगत घेतली. उचलण्याच्या परीक्षेत निळी मुलगी अर्धा मिनिट अत्यंत शांत राहिली, ती का शांत आहे हे माझ्या शर्टाला विसाव्या सेकंदाला कळलं. टॉवेल ओढताना दोरी माझ्याच पायात आली. आणि छत्री. माझ्या छत्रीचं बटण दाबलं की ती कधी उघडते, कधी मुठीतून सुटून भाल्यासारखी पुढे जाते. हिरव्या मुलाच्या पाळीला ती गेली. समोरच्या पत्र्याच्या पिंपावर जाऊन आदळली, पिंप आडवं झालं, त्यातून स्टीलची आठ ताटं एकामागोमाग एक फरशीवर उतरली, आणि कुणीतरी किंचाळलं.

पिल्लू नव्हतं ते.

हिरवा मुलगा कान टवकारून त्या सगळ्या पसाऱ्याकडे गेला, छत्रीचा वास घेतला, तिचं कव्हर उचललं आणि माझ्या पायाशी आणून ठेवलं. ताईंनी वहीत लिहिलं. निघताना मी वाकून पाहिलं. हिरवा: तीन. त्याच्याखाली, शिसपेन्सिलीनं, पाहुणा: पाच.

छप्पन्नाव्या दिवशी दुसरा फेरा. या दिवशी पिल्लांची रचना बघतात. पिल्लू जन्मलं की ओलं असतानाच ही मंडळी पहिला अंदाज घेतात, तेव्हा केस अंगाला चिकटून हाडांचा सांगाडा दिसतो. मग आठवा आठवडा. या वयात पिल्लाच्या अंगाची जी प्रमाणं दिसतात तीच मोठेपणी परत येतात, अशी त्यांची श्रद्धा. मधल्या काळात, चौथ्या-पाचव्या महिन्यात, कान एकीकडे, पाय दुसरीकडे आणि ढुंगण खांद्याच्या वर, अशी अवस्था असते. तेव्हा बघायचंच नाही. आमच्याकडे दहावीच्या मुलांचे फोटो काढत नाहीत, तसंच.

त्या दिवशी तिघं जाणकार होते: ताई, मुंबईहून आलेले एक वयस्क हँडलर आणि ज्याचा कुत्रा या वेताचा बाप तो गृहस्थ. त्यानं पैसे न घेता 'पिक' घ्यायचं ठरलं होतं, म्हणजे वेतातलं एक पिल्लू त्याच्या पसंतीचं. टेबलावर रबराची चटई, समोर आरसा. पिल्लाच्या हनुवटीखाली एक हात, मागच्या पायांमध्ये दुसरा, पुढचे पाय अलगद खाली सोडायचे आणि पिल्लाकडे न बघता आरशात बघायचं. असं उभं करण्याला स्टॅक करणं म्हणतात. खोलीत सराफाच्या दुकानासारखी शांतता होती. ही गाडीतच बसली होती, तिला घाटात लागलं होतं. मला एका कोपऱ्यात स्टुलावर बसवून वही दिली होती. कुणी माझ्याशी बोलत नव्हतं, आणि दोन आठवड्यांचा अभ्यास माझ्या पोटात नुसता उसळत होता.

तेवढ्यात ताईंनी टेबलावरच्या पिल्लावरची नजर न काढता विचारलं, "दोन्ही उतरलेत का?"

"नाही हो," मी तत्परतेनं म्हणालो, "मी एकटाच उतरलोय. ही गाडीतच आहे."

वयस्क हँडलर खिडकीबाहेर बघू लागले. त्यांचे खांदे हलत होते. मग बरोबर आलेल्या भाच्यानं कानात सांगितलं, की नर पिल्लाचे दोन्ही गोटे पोटातून खाली पिशवीत उतरलेले असावे लागतात, आणि एक जरी वर अडकून राहिला तर कुत्रा बाकी कितीही राजबिंडा असो, रिंगणातलं त्याचं भवितव्य संपलं. ताई मला नव्हे, हँडलरांना विचारत होत्या. हे सगळं हिला घरी गेल्यावर भाच्यानंच सांगितलं. पुढे आमच्या सगळ्या नातेवाइकांना हिनं.

झाल्या प्रकारावर उतारा म्हणून मी जाणकार दिसायचं ठरवलं. खाली जाळीत पिवळा मुलगा एका जागी अगदी निश्चल उभा होता, मागचे पाय रोवलेले, मान ताठ, पाठीला हलकासा बाक, दूरवर लागलेली नजर. "वा!" मी मोठ्यानं म्हणालो. "काय टॉपलाइन आहे! काय एकाग्रता!"

"त्याचं होऊ द्या," ताई म्हणाल्या. "मग कागदानं उचला."

मी उचललं आणि परत स्टुलावर बसून नुसतं ऐकत राहिलो. ऐकण्यासारखं खूप होतं. ही माणसं कुत्र्याला वाईट म्हणत नाहीत, निदान मालकादेखत नाही. "याला वेळ द्यायला हवा" म्हणजे आज तरी यात काही दिसत नाही. "हाडाला भरपूर आहे" म्हणजे बोजड. "मॉडरेट आहे" म्हणजे किरकोळ. "डोकं अजून उघडेल" म्हणजे प्रार्थना करा. "आईची आठवण येते" हे आई कोण होती त्यावर. एखाद्या पिल्लाचं काहीच धड जमत नसेल, पण त्याच्यात नाव ठेवायलाही ठळक काही नसेल, तर जरा थांबून, सुस्कारा टाकून म्हणतात: "प्रामाणिक आहे." आणि "कुणाच्या तरी घरी फार सुख देईल" असं म्हटलं, की त्या पिल्लाच्या गळ्यातली लोकर वहीत पेट क्वालिटीच्या रकान्यात गेली.

सगळ्यात मोठी शिवी मात्र वेगळी. केनेल ब्लाइंड. ज्याला आपल्या घरच्या कुत्र्याचे दोष दिसत नाहीत तो. चहाच्या वेळी तिघांनीही हा शब्द वापरला, आणि तिघांनीही गैरहजर असलेल्या निरनिराळ्या माणसांबद्दल. मग हँडलरांनी एक गोष्ट सांगितली. आजच्यासारखा पहिला डॉग शो १८५९ साली इंग्लंडात न्यूकॅसलला झाला, त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर या शिकारी जाती होत्या, आणि बक्षीस होतं बंदूक. पॉइंटरांमध्ये पहिला आला तो कुत्रा सेटरांच्या एका परीक्षकाचा, आणि सेटरांमध्ये पहिला आला तो पॉइंटरांच्या परीक्षकाचा. तिघंही मनमुराद हसले. मग बापाच्या मालकानं निळी मुलगी उचलली, आणि ती आईवर गेलीय की बापावर यावरून पाऊण तास वाद झाला.

माझी पाळी आली तेव्हा मी घसा साफ करून सांगितलं, की मला लाल मुलगी पसंत आहे.

"तुम्ही निवडायचं नसतं," ताई शांतपणे म्हणाल्या. "लाल मी ठेवणार. तुम्हाला हिरवा. याची शेपूट पाठीवर वळते आणि खालचा जबडा केसभर पुढे आहे, रिंगणात हे चालायचं नाही. पण तो तीन आहे. तुम्ही पाच. एका घरात दोन घाबरट नकोत."

वीस वर्षांत माझ्यासाठी कुणी इतका योग्य निर्णय घेतला नव्हता.

कागदपत्रं चेन्नईहून केनेल क्लब ऑफ इंडियाकडून आली. त्यात हिरव्याच्या तीन पिढ्या होत्या, आई-बाप, आजी-आजोबा, पणज्या-पणजोबा, एकूण चौदा पूर्वज, निम्म्यांच्या नावापुढे चॅम्पियन. मला माझ्या पणजोबांचं नाव विचारायला नागपूरच्या आत्याला फोन करावा लागला, तिलाही आठवलं नाही. कागदावर त्याचं स्वतःचं नाव चार शब्दी आणि विलायती आहे. घरात तो बंड्या.

बंड्यानं चौथ्या महिन्यापासून दुधाचे अठ्ठावीस दात एकेक करून आमच्या सोफ्यात सोडले आणि बेचाळीस नवे आणले, त्या बेचाळिसांसाठी नवा सोफा आणला. अकराव्या महिन्यात मी शिंप्याची टेप लावून त्याची उंची मोजली. ती साठ भरली. मी टेप जुनी झाली म्हणून टाकून दिली. परवा शेजारचे सहज म्हणाले, "शेपूट वाकडी आहे का हो याची?" तर मी त्यांना अर्धा तास बसवून दाखवलं, की वाकडी नाही, तुम्ही चुकीच्या बाजूनं बघताय, आणि एकूणच या जातीच्या शेपटीबद्दल विलायतेत पुनर्विचार व्हायला हवा. ते चहा न घेता गेले.

आणि मग नारळी पौर्णिमा आली. हिचे हात नारळीभाताच्या तयारीत, लेक क्लासला, त्यामुळे वीस वर्षांत पहिल्यांदा बंदी उठली. या वेळी मी कानाशी धरून हलवण्याचा अडाणीपणा केला नाही. नारळवाल्याला हातगाडीवर पोतं अंथरायला लावलं, त्यावर एकेक नारळ बाजूनं उभा करवला, दोन पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून पाहिलं, तिन्ही डोळे सारख्या अंतरावर आहेत ना ते तपासलं, आणि मागे रांग लागली तरी घाई केली नाही. बंड्या शेजारी बसून होता. आठ नारळांतून एक निवडला.

"कसा आहे?" हिनं दारातच विचारलं.

मी नारळाकडे पाहिलं. जरा थांबलो. "प्रामाणिक आहे," म्हणालो.

हिनं तो ओट्याच्या कडेवर आपटला. वास आधी आला, पाणी नंतर. बंड्या पुढे झाला, एकदाच हुंगलं आणि दबकून चार पावलं मागे सरला. पाच, अगदी स्वच्छ पाच. हिनं दोन्ही वाट्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या, हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आपलं ठरत होतं ना, तेव्हा मध्यस्थ मावशींनी माझ्या आईला तुमच्याबद्दल हेच सांगितलं होतं."